पिस्टन, टर्बो आणि लोणावळ्याची बिजली

वडिवळ्याच्या भिकाजी केदारींच्या दारात त्या वर्षी चालू अवस्थेतली दोनच वाहनं उरली होती. एकाचं नाव पिस्टन, दुसऱ्याचं टर्बो. दोघंही बैल होते, दोघंही तालुक्यात नावाजलेले होते आणि दोघांनाही चालता येत नव्हतं. पळता येत होतं.

मावळात शर्यतीचा बैल चालण्यासाठी नसतोच. त्याला पिकअपमध्ये चढवायचं, घाटावर, म्हणजे शर्यतीच्या चढावर, न्यायचं, उतरवून गाड्याला जुंपायचं. पुढं घोडी सुटते, तिच्या पाठीवर एक स्वार असतो, आणि तिच्या मागं बैल तो चढ असा चढतात की गाड्याची चाकं जमिनीला विचारून टेकतात. गाड्यावर माणूस नसतो. वर पोचेपर्यंत सगळा कारभार बैलांचा. वर पोचले की पुन्हा पिकअप आणि पुन्हा गोठा. मावळचा बराचसा भाग पिस्टन-टर्बोनं पायांनी तुडवला नव्हता, पिकअपच्या कडेवरून माना काढून पाहिला होता.

भिकाजी पन्नाशी ओलांडलेले, अंगानं काटक, बोलायला जपून. धरणाच्या खाली त्यांची भाताची खाचरं, आणि खाचरांपेक्षा गोठा मोठा. कोर्टानं शर्यती बंद ठेवल्या होत्या त्या वर्षांतही त्यांनी शर्यतीचे बैल सोडले नव्हते. रोज संध्याकाळी मोकळ्या घाटाकडं नेऊन त्यांना नुसता घाट दाखवून आणत. बैलांना अंडी, दूध आणि उडदाचं पीठ होतं. भिकाजींना भाकरी होती. त्यांच्या पत्नी विठाबाई म्हणत, "पुढल्या जन्मी मला हितंच जल्माला घाल देवा, पन गोठ्यात."

यावर भिकाजी बैलांसाठी अंडी फोडायला घेत. मुद्दा बरोबर होता.

तर तेल, म्हणजे पेट्रोल-डिझेल. तेल एकदम संपलं नाही. एकदम संपलं असतं तर लोकांना कळलं तरी असतं. ते कमी कमी होत गेलं, सासरी रुळलेल्या मुलीच्या फोनसारखं. आधी कामशेतच्या पंपावर रांग लागली, मग रांगेत चहावाला आला, मग चहावाला राहिला आणि रांग गेली. घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत बुलेट काढणाऱ्या पोरांना पायी गेल्यावर शोध लागला की देऊळ जवळच आहे. वडापची जीप पूर्वी भरल्याशिवाय निघत नसे, आता भरल्यावरही निघेना. एक्स्प्रेसवेच्या मधोमध मोर दिसू लागले. त्यांनीही टोल दिला नाही. लोणावळा लोकल विजेवर चालते हे अचानक सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि जिला आयुष्यभर शिव्या दिल्या त्या गाडीसाठी बेगडेवाडीच्या फलाटावर माणसं गाडी दिसायच्या आधीच अदबीनं उठून उभी राहू लागली.

एवढ्यावर निभावलं असतं. पण आषाढ आला. आळीतल्या सगळ्या खाचरांची चिखलणी पप्पूचा पॉवर टिलर करत असे. पप्पू हा भिकाजींचा चुलत पुतण्या, आणि टिलर हा पप्पूचा चरितार्थ. तो आता ताडपत्रीखाली झाकलेला होता. शेतीसाठीचं डिझेल तालुक्याला येणार होतं. ते येणार हे दर सोमवारी नक्की होत असे.

खाचरांत पाणी साचलं होतं आणि तरव्याच्या वाफ्यातलं रोप वाढत होतं. भाताच्या रोपाचं वय लग्नाच्या मुलीसारखं धरतात. वेळेत लागलं तर लागलं, नाहीतर जागच्या जागी ताठ होतं आणि मग कुठंच रुजत नाही. एका सकाळी विठाबाईंनी इंद्रायणीचं एक रोप उपटून आणलं आणि नवऱ्याच्या हातात ठेवलं.

"ह्ये बगा. पेर धराया लागलंय. आजून थोडं दिस ग्येलं का ह्येच्या पेंढ्या बांदायच्या आन् तुमच्या त्या दोगांस्नी घालायच्या."

"मग मी काय करू?"

"दारात दोन बैल हायती."

"त्ये बैल न्हाईत, विठे."

"मग कोन हायती?"

भिकाजींनी गोठ्याकडं पाहिलं. वर्षभराचा भात त्या तरव्यात उभा होता, आणि तो लावायला दारात जी ताकद होती तिला नांगर दाखवणं म्हणजे पैलवानाला पापड लाटायला बसवणं. पण रोप हातात होतं. त्यांनी ते खिशात घातलं आणि माळ्यावर चढले.

माळ्यावर त्यांच्या वडलांचा लाकडी नांगर होता. त्याच्या आडोशाला कोंबडीनं घर केलं होतं. तिला हलवलं. पिस्टन-टर्बोला खाचरात उतरवलं, जू ठेवलं, नांगर धरला आणि भिकाजी म्हणाले, "चला."

बैल उभे राहिले.

शेपटी ओढली, पाठीवर थाप मारली, गोंजारलं. बैल समोर टक लावून उभे.

"समूर काय बगत्यात?" बांधावरून पप्पूनं विचारलं. टिलर बंद असल्यानं त्याला बांधावर बसायला भरपूर वेळ होता.

"घोडी बगत्यात," भिकाजी म्हणाले. "घोडी कुटंय म्हनत्यात."

"आता घोडी कुटनं आनायची?"

प्रश्न रास्त होता आणि पप्पूनं तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मावळातल्या माणसाला जुंपलेली जोडी समोर उभी दिसली की गळ्यात काहीतरी वळवळतं. घाटात बारी सुटताना, म्हणजे जोडी शर्यतीला सोडताना, शेकडो माणसं जी आरोळी देतात, ती पप्पूच्या तोंडून हळूच, अगदी स्वतःशी म्हटल्यासारखी निसटली.

"भिर्रर्र."

नांगर चिखलातून बाहेर आला. भिकाजी चिखलात राहिले, गुडघ्यापर्यंत, उभेच्या उभे, हात पुढं धरलेले. जोडीनं बांध ओलांडले, ओढा ओलांडला, शेजारच्या गोरखआबांचा दोडक्याचा मांडव अंगावर घेतला आणि गाव गाठलं. लोक धावत गेले तेव्हा दोघं डिझेलशिवाय पडून असलेल्या पिकअपच्या मागं, गळ्यात दोडके घेऊन, फळी कधी लावतात याची वाट पाहत शांत उभे होते.

"काका," पप्पू म्हणाला, "बारी मातुर झकास पडली."

गोरखआबा आले. घाटाच्या कमिटीवर केस पांढरे झालेला माणूस. मांडवाची तक्रार असेल म्हणून भिकाजींनी मान खाली घातली.

"मांडव मी पुन्यांदा घालीन," आबा म्हणाले. "त्येचं काय न्हाई. पन भिकाजी, पळत्या बैलाला चालाया शिकवू नगंस. चालनं ह्ये लय वाईट येसन हाय. येकदा लागलं का सुटत न्हाई. येत्या चैतात तुजा पिस्टन घाटात मधीच उभा ऱ्हाईल आन् गाव हसंल."

हे भिकाजींना सांगायची गरज नव्हती. तोच विचार करून त्यांना त्या दिवशी भाकरी गेली नव्हती. एका बाजूला घाट आणि दुसऱ्या बाजूला घरातला भात, आणि मध्ये ते खिशातलं रोप, जे आता सुकलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीत कॅन लपवला आणि लोकलनं लोणावळा गाठलं. तिथल्या कुठल्याशा पंपावर मागच्या दारानं डिझेल मिळतं असं पप्पूनं ऐकलं होतं. पंप होता, मागचं दारही होतं, त्याच्या आत एक माणूस झोपला होता. त्याला उठवणं भिकाजींना बरं वाटलं नाही.

रिकामा कॅन घेऊन ते भुशी धरणाच्या रस्त्याला लागले. एरवी पावसाळ्याच्या रविवारी या रस्त्यावर मोटारी एकमेकींना चिकटून संध्याकाळपर्यंत बसलेल्या असत आणि माणसं उतरून पुढं जाऊन, भिजून, कणीस खाऊन पुन्हा त्याच मोटारीत येऊन बसत. आता रस्ता आरपार दिसत होता. कडेला फिरायचे घोडे उभे होते. त्यातल्या एका पांढुरक्या घोडीच्या अयाळीत प्लॅस्टिकची फुलं होती आणि तिचा मालक दगडावर बसून तिच्याइतकाच लांबवर पाहत होता.

"राउंड मारणार का भाऊ?" त्यानं सवयीनं विचारलं.

"मी न्हाई बसत," भिकाजी म्हणाले. त्यांचे पाय मात्र थांबले होते. घोडी म्हटल्यावर थांबलेच असते. "हिला पळवून दावता का जरा?"

मालकाचं नाव इनायत. त्यानं भिकाजींकडं नीट पाहिलं.

"बिजलीला? भाऊ, बिजली आजपर्यंत पळाली नाही. पळाली तर बारकी पोरं खाली पडतील, आणि पोरगं पडलं की माझी बायको ताजुन्निसा मला घरात घेणार नाही. एकदा मोहल्ल्यातल्या नवरदेवाला हिच्यावर बसवला होता. वरात पोचली तेव्हा नवरीकडचे जेवून झोपले होते."

"येवढी सावकास?"

"आमच्या धंद्यात त्याचेच पैसे आहेत. वीस पावलं चालायचं, थांबायचं, फोटो द्यायचा. आता फोटो काढणारेच नाहीत. ट्रेननी येतात ते चालत जातात, चालत येतात, मला म्हणतात काका व्यायाम होतो." इनायतनं बिजलीच्या मानेवर हात फिरवला. "मी एकवेळ भागवीन. हिच्या दाण्याचं कसं करायचं ते सांगा."

भिकाजींनी कॅन खाली ठेवला आणि घोडीच्या पायांकडं पाहिलं. त्यांच्या डोक्यात एक गोष्ट हळूहळू सरळ होत होती. बैल घोडीच्या मागं जातात. घोडी पळाली तर पळतात. आणि घोडी जर अशी निघाली.

"चिखलात चालंल का ही?"

"पावसाळ्यात टायगर पॉइंटला काय गालिचा असतो का भाऊ?"

बोलणं तिथंच मिटलं. बिजलीला वडिवळ्याचं हिरवं गवत, इनायतला दोन वेळचं जेवण आणि सुगीला भात. दोघंजण आणि घोडी जुन्या हायवेनं पायी निघाले. कार्ल्याजवळ दोन पोरींनी फोन वर केला, तेव्हा बिजली थांबली, मान डावीकडं वळवली आणि फोन खाली जाईपर्यंत तशीच राहिली. भिकाजींनी हे पाहिलं, पण त्याचा अर्थ त्यांच्या ध्यानात आला नाही.

खाचरावर आळी गोळा झाली. पुन्हा आरोळी निसटू नये म्हणून पप्पूला तोंडात तंबाखू धरूनच बसायचं, थुंकायचं नाही, अशी विठाबाईंची ताकीद होती. बिजलीला पुढं उभी केली. पिस्टन-टर्बोनं कान टवकारले, नाकपुड्या फुगवल्या. घोडी आली होती. जगाची घडी पुन्हा नीट बसली होती.

इनायतनं लगाम धरून "चल बेटा" म्हटलं आणि बिजली निघाली.

जोडीनं उसळी घेतली ती थेट बिजलीच्या शेपटीवर आदळली. बिजली थांबली. तिनं वळून पाहिलं. अंगावर ओरडणारी पोरं, कान ओढणाऱ्या मावश्या, उतरताना अयाळीला लोंबकळणारे काका, हे सगळं सोसलेल्या जनावराची ती नजर होती. पिस्टननं तोंड फिरवलं. बिजली पुन्हा निघाली, आणि तिच्या मागं मावळची नावाजलेली जोडी एक पाय उचलून, तो कुठं ठेवायचा याचा विचार करून, चालू लागली.

मागं नांगराचं रुमणं मुठीत धरून भिकाजी चालत होते. टर्बोच्या मागच्या पायावर एक पांढरा ठिपका आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं. आजवर टर्बो मागून दिसायचा तो धुळीतच.

अर्धं खाचर झालं आणि बिजली थांबली. बैल थांबले. इनायतनं लगाम ओढला, काही नाही. घोडी मान डावीकडं करून उभी.

"फोन खाली घ्या," इनायत बांधाकडं ओरडला.

बांधावर सगळी आळी व्हिडिओ काढत होती. फोन खाली गेले. बिजली निघाली. कुणीतरी पुन्हा फोन वर केला, ती पुन्हा थांबली. भिकाजी वैतागून काही बोलणार, तेवढ्यात विठाबाई म्हणाल्या, "थांबा की. ह्यो तर बिरेक हाय."

आणि तसंच ठरलं. खाचराच्या कोपऱ्यात वळायच्या वेळी बैल आवरणं अवघड जात होतं. तिथं विठाबाई उभ्या राहिल्या. पहिल्यांदा त्यांनी स्वतःचा बटणांचा फोन वर केला. बिजलीनं त्याकडं पाहिलंही नाही. मग पप्पूचा मोठा फोन आणला. तो वर झाला की घोडी थांबायची, भिकाजी नांगर उचलून वळवायचे, फोन खाली झाला की गाडी पुढं. फोनला रेंज नव्हती. या कामाला ती लागतही नव्हती.

भिकाजींची खाचरं झाली. रोप लागलं, वेळेत. विठाबाईंनी शेवटची काडी चिखलात खोचली, कंबर सरळ केली आणि गोठ्याकडं पाहून म्हणाल्या, "आता खावा म्हनावं अंडी."

मग पप्पूनं भीत भीत आपल्या खाचरांचं विचारलं. त्याच्यामागं आळीतली एकेक घरं आली. सगळ्यांचीच रोपं तरव्यात ताठ होत चालली होती. भिकाजी कुणाला नाही म्हणाले नाहीत. पण एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. सुरुवातीला बिजली थांबली की बैल थांबत. पुढंपुढं विठाबाईंचा हात वर गेला की आधी पिस्टन थांबे, मग टर्बो, आणि बिजली तिसरी. थांबल्यावर तिघंही मान डावीकडं वळवत. भिकाजी ते बघत आणि पुढच्या खाचराकडं चालू लागत. 

सगळ्यात शेवटी गोरखआबा आले. बांधावर बसले. पावसाविषयी बोलले, धरणाविषयी बोलले, सरकारविषयी बोलले.

"माजी बी दोन खाचरं ऱ्हायलीत," ते शेवटी म्हणाले.

"आबा, चालायचं येसन सुटत न्हाई म्हनला व्हता."

"व्हय. म्हंजे आता लागलंच हाय नव्हं," आबा म्हणाले, "तर माजी बी करून घ्या."

भात आला. आळीत त्या वर्षी घरोघरी इंद्रायणीचा वास होता. इनायत कबुलीचा भात घ्यायला आला तो ताजुन्निसाला घेऊन आला, कारण ज्या बैलांचं नाव रोज ऐकलं ते तिला बघायचे होते. तिनं पाहिले. "नाव टर्बो आहे होय," एवढंच ती म्हणाली.

चैत्रात घाट भरला. तेलाचं तसंच होतं, त्यामुळं जोड्या पिकअपमधून न येता चालत आल्या. वाटेत कितीतरी बैल बावरले, कितीतरी बसून राहिले. पिस्टन-टर्बो चालत आले, वेळेवर आले. बारक्या पोरांना फेरी मारायला इनायतही बिजलीला घेऊन यात्रेत आला होता.

"भाऊ, बिजलीला मागच्या अंगाला बांधतो," तो म्हणाला. "यांना दिसायला नको."

भिकाजींनी मान हलवली. शर्यतीची घोडी दुसरी होती, तरणीताठी, पाय एका जागी न ठरणारी. जोडी गाड्याला जुंपली. माइकवरून नाव पुकारलं गेलं, वडिवळे, भिकाजी केदारी, पिस्टन आणि टर्बो, आणि घाटाच्या दोन्ही अंगांनी आरोळी उठली. पप्पूची त्यात होती.

घोडी सुटली. जोडी सुटली. भिकाजींनी डोळे बारीक केले. बैल तसेच होते, मागचं काही विसरलेले नव्हते. चढाला धूळ उठली, चाकं उचलली गेली, आणि विठाबाईंनी कधी नव्हे ते पदर तोंडाशी नेला. त्या वेगात चिखलाचा मागमूस नव्हता. लोकांच्या अंगावर काटा आला आणि अर्ध्या घाटात दोन्ही बाजूंच्या माणसांनी, अगदी एकाच वेळी, फोन वर केले.

पिस्टन थांबला. टर्बो थांबला. गाडा दोन हात पुढं सरकून त्यांना टेकला. दोघांनी माना डावीकडं वळवल्या आणि धूळ खाली बसेपर्यंत तसेच उभे राहिले.

घोडी एकटीच वर पोचली. स्वारानं मागं वळून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. माइकवरच्या माणसाला अशा वेळी काय पुकारायचं ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं एका हरवलेल्या चपलेची माहिती दिली. गोरखआबा कमिटीच्या खुर्चीवरून उठले, भिकाजींकडं पाहिलं आणि पुन्हा बसले. त्यांच्या घरात त्या दिवशीही इंद्रायणीचाच भात होता. हसायला कुणी पहिलं तोंड उघडेना, कारण आळीतली सगळी तोंडं त्या भातावर वाढलेली होती.

भिकाजी घाटात उतरले. चढावर ते नेहमी पळत जात, आज चालत गेले. बैलांपाशी पोचले, टर्बोच्या मागच्या पायावरचा ठिपका चोळला, पिस्टनच्या तोंडाचा फेस उपरण्यानं पुसला. लोकांचे फोन अजून वरच होते.

"फोन खाली घ्या रे," खालून इनायत ओरडला. "तोवर हलायचे नाहीत."

"ऱ्हाऊ द्या," विठाबाई वरच्या अंगानं म्हणाल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "तुमी का हुबं ऱ्हायलाय आसं? टोपी नीट करा. समदी फोटू काढत्यात."

भिकाजींनी टोपी नीट केली. दोन्ही बैलांच्या मध्ये उभे राहिले आणि मान डावीकडं वळवली.